पोरांकडे तोंड करून बसणाऱ्या बाई

सराव पाठ म्हणजे काय, हे ज्यानं कधी दिला नाही त्याला सांगून कळायचं नाही. एकोणीस वर्षांची पोरगी, अंगावर आईची साडी, काखेत तक्त्यांची गुंडाळी, समोर तीस-चाळीस पोरं आणि मागच्या भिंतीला खुर्ची लावून बसलेले निरीक्षक. फळ्यावरची ओळ खाली घसरते का, खडू करकरतो का, पदर जागेवर आहे का, सगळं ते टिपून घेतात. पोरांपेक्षा त्या खुर्चीचीच भीती जास्त.

आमच्या बाई वर्गात आल्या की आधी ती खुर्ची उचलत, थेट फळ्याखाली आणून ठेवत आणि आमच्याकडे पाठ फिरवून, पोरांकडे तोंड करून बसत. तास संपेपर्यंत एकदाही मागं वळून बघत नसत. माझ्या पहिल्या पाठाला त्यांनी असं केलं तेव्हा मला वाटलं, आपलं तोंड बघण्याच्याही लायकीचं नाही की काय! तास संपल्यावर धीर करून विचारलं, तर म्हणाल्या, "तुमचं तोंड मी रोज बघते, गुरुजी. त्यात काय बघायचं? गळ टाकणारा पाण्याकडे बघतो, स्वतःच्या हाताकडे नाही."

हो, गुरुजी. मुलगा असो की मुलगी, प्रवेश घेतल्याच्या दिवसापासून आम्ही सगळे त्यांचे 'गुरुजी' होतो, आणि सगळ्यांना अहोजाहो. मिसरूड न फुटलेल्या पोराला बाई "गुरुजी, नाक पुसा" म्हणायच्या तेव्हा हसावं की लाजावं ते त्याला कळायचं नाही.

पालघरला एका अध्यापक विद्यालयात मी मास्तरकी शिकले त्याला आता बरीच वर्षं झाली. बोईसरकडे कारखान्यांच्या चिमण्या एकेक करून वर येत होत्या, तेव्हाची गोष्ट. बाई आम्हांला वर्गव्यवस्थापन शिकवायच्या. म्हणजे पोरं दंगा करायला लागली की काय करायचं, रुसली की काय करायचं, बोलतच नसली की काय करायचं. पुस्तकात या विषयाची पानं थोडी होती. बाईंनी ती एका आठवड्यात उरकली आणि म्हणाल्या, "झालं. आता शिकायला सुरुवात करू."

त्या पालघरच्या शेजारच्या माहीम गावाहून सायकलनं यायच्या. दोन्ही बाजूंच्या नारळी-केळीच्या वाड्यांमधून, डोक्यावर पदर घट्ट बांधून, साडीच्या निऱ्यांना कपडे वाळत घालायचे दोन चिमटे लावून. घंटी मोडलेली होती, म्हणून वळणावर स्वतःच "बाजूऽऽ!" असं ओरडायच्या. लांबच्या शाळेत पाठ बघायला जायचं झालं की सायकल एस.टी.च्या टपावर टाकायच्या. कंडक्टर कुरकुरले की म्हणायच्या, "तिचंही तिकीट फाडा. पण खिडकीजवळची जागा द्या." त्यांच्या घरचं कोण, नवरा होता की नव्हता, आम्हांला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. विचारायची छाती कुणाला होती?

पहिल्याच आठवड्यात त्यांनी फर्मान काढलं की उद्या येताना प्रत्येकानं एकेक छडी आणायची. आम्ही खूश! इतकी वर्षं खाल्ली, आता द्यायची वेळ आली. बहुतेकांनी कुंपणाची निरगुडी तोडून आणली. एकाचे वडील मुख्याध्यापक होते, त्यानं त्यांची तेल पाजलेली वेताची छडी मिरवत आणली. बाईंनी सगळ्यांना मागच्या अंगणात नेलं, कुदळ दिली आणि छड्या जमिनीत रोवायला लावल्या. रोज सकाळी ज्यानं त्यानं आपल्या छडीला पाणी घालायचं. निरगुडी ती, कुठंही रोवा, फुटते. पावसाळा संपेतो आमच्या छड्यांना पानं आली. वेताच्या छडीला काही येण्याची शक्यता नव्हती, पण बाईंनी त्या बिचाऱ्याला अख्खं सत्र तिला पाणी घालायला लावलं. सत्र संपताना तो म्हणाला, "बाई, ही काही जगत नाही." बाई म्हणाल्या, "मग तुमच्या वडलांना तसं कळवा."

गप्प बसलेल्या वर्गाचा त्यांना भारी राग. "गप्प तर स्मशानही असतं," म्हणायच्या. "पोर दंगा करतं म्हणजे पोर हजर आहे. जे दंगा करत नाही त्याच्याकडे आधी बघा." पाठानंतर इतर निरीक्षकांकडच्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत 'फलकलेखन सुधारावे' असे शेरे असत. आमच्या वह्यांत बाई लिहीत, 'तिसऱ्या रांगेतल्या मुलाला लघवीला जायचं होतं. तुम्हांला दिसलं नाही. मला दिसलं. मी समोर बसले होते म्हणून तो विचारेना.' माझ्या एका पाठावरचा सबंध शेरा इतकाच होता, 'खिडकीजवळची मुलगी आज तीन वेळा हसली. का?' मी दोन दिवस डोकं खाजवलं. ती मुलगी पुढं येईलच.

भांडणाचा तर त्यांनी तासच ठेवला होता. शनिवारी सकाळी. आठवडाभर ज्यांचं भांडण झालं असेल त्यांनी समोर यायचं आणि आपली नव्हे, दुसऱ्याची बाजू मांडायची, ती अशी की दुसऱ्यानं "बरोबर, असंच वाटलं मला" म्हटलं पाहिजे. तोवर सुटका नाही. माझं आणि माझ्या खोलीतल्या मैत्रिणीचं नळावरच्या बादलीवरून वाजलं होतं. तिची बाजू मांडता मांडता मला कळलं की माझी बादली तिनं रागानं नव्हे, तर तिच्यात पाल पडली होती म्हणून उपडी केली होती. एकदा तर प्राचार्य आणि शिपाई यांचं मधल्या सुट्टीच्या घंटेवरून बिनसलं. बाईंनी दोघांनाही समोर उभं केलं. प्राचार्यांनी शिपायाची बाजू इतकी तळमळीनं मांडली की शिपाई डोळे पुसायला लागला आणि म्हणाला, "साहेब, एवढा तरास मला व्हता हे मलाच म्हाईत नव्हतं." घंटा त्या दिवशी वाजायचीच राहिली.

आमच्यात एक घाटावरचा विद्यार्थी होता. शिकवायला खणखणीत, पण तोंडाला फटकळ. डोंगराकडच्या एका शाळेत पाठ देऊन आला आणि म्हणाला, "बाई, पोरं मठ्ठ आहेत. विचारलं तर नुसती बघत राहतात." रविवारी बाई त्याला घेऊन त्याच पाड्यावर गेल्या आणि एका म्हातारीच्या ओट्यावर बसवून म्हणाल्या, "आज संध्याकाळपर्यंत मी तुमच्याशी बोलणार नाही. पाणी, जेवण, काय लागेल ते यांच्याकडे मागा." म्हातारी तिच्या बोलीत भराभर काहीतरी विचारी आणि हा नुसता बघत राही. पाण्याऐवजी त्याला राख मिळाली, राखेनंतर कोंबडी. जेवणाला उशीर झाला तो वेगळाच. संध्याकाळी बाईंनी म्हातारीला विचारलं, "कसा आहे आमचा मास्तर?" म्हातारी त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "पोर बरा हाय. पन याला काय कलत नाय."

ही गोष्ट त्यानंच आम्हांला सांगितली, तीही हसत हसत. पुढं तो त्याच भागात नोकरी मागून घेऊन राहिला.

आता माझी गोष्ट. ती सांगताना मला अजून थोडी लाज वाटते, पण बाईंचं चित्र तिच्यावाचून पुरं व्हायचं नाही.

वडलांनी मला शिकायला घातलं ते एका बोलीवर. दोन वर्षं, एकच परीक्षा. पास झालीस तर नोकरी कर, नापास झालीस तर आत्यानं आणलेलं स्थळ. त्या स्थळाचा फोटो आमच्या घरी आरशाच्या चौकटीत खोचून ठेवलेला होता. सुट्टीत घरी गेले की वेणी घालताना रोज त्याचं दर्शन घडे. माणूस वाईट नसेलही, पण मला त्याच्या मिशा बघून गणिताचा अभ्यास जोरात व्हायचा. लेखी पेपरांची मला धास्ती नव्हती. वार्षिक पाठांची होती. दोन दिवस, दोन पाठ, गणित आणि मराठी. त्यांना निम्मे गुण बाहेरून आलेले परीक्षक देणार, निम्मे बाई. एकात जरी घसरलं की वर्ष गेलं आणि मिशा आल्या.

माझे पाठ चिंचणीजवळच्या किनाऱ्यावरच्या एका शाळेत लागले. तिसरीचा वर्ग, पटावर एकतीस. त्यात खिडकीजवळ जनी बसायची. नऊ-दहा वर्षांची, कोळ्याची पोर, केसांचं घरटं, कडेवर सात-आठ महिन्यांची बहीण. आई बोंबील वाळत घालायला जायची, म्हणून बाळ शाळेत. जनीला एका जागी बसवत नसे. मध्येच उठून खिडकीतून होड्या बघे, दुसऱ्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर स्वतः देऊन टाके, आणि आवाज असा की समुद्रापलीकडं ऐकू जावा. सरावाच्या पंधरा दिवसांत तिच्या बहिणीनं माझ्या एका रंगीत तक्त्यावर मुतूनही घेतलं होतं.

पाठाच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापक आपुलकीनं म्हणाले, "पोरी, उद्या त्या जनीला घरी ठेव. परीक्षेच्या दिवशी सगळेच ठेवतात अशी एक-दोन पोरं. परीक्षकांनाही माहीत असतं." ते खरं होतं. आमच्यातले कितीतरी जण तसं करत. शाळा सुटताना मी जनीला बाजूला घेतलं आणि गोड आवाजात सांगितलं, "उद्या आणि परवा तुला सुट्टी हं." ती हरखली. "मला एकटीला? का?" मी म्हटलं, "शहाणी आहेस म्हणून." इतकं सफाईनं खोटं मी त्याआधी कधी बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी बाई आणि ठाण्याकडून आलेले परीक्षक एकाच एस.टी.नं उतरले. टपावरून सायकलही उतरली. परीक्षक स्थूल, सज्जन आणि उन्हानं बेजार झालेले होते. ते मागच्या भिंतीजवळ बसले, बाई नेहमीप्रमाणे फळ्याखाली. मी नमस्कार करून पिशवीतले चिंचोके टेबलावर मांडले. सम आणि विषम संख्या. टाचण तोंडपाठ होतं.

तेवढ्यात बाईंनी समोरच्या पोरांना विचारलं, "खिडकीजवळ कोण बसतं रे?"

पोरं एका सुरात ओरडली, "जनीऽऽ!"

"मग कुठंय ती?"

"तिला नव्या बाईंनी सुट्टी दिली. ती शानी हाय म्हणून."

बाई वळल्या नाहीत. मला फक्त त्यांचा अंबाडा दिसत होता. मग त्या उठल्या आणि परीक्षकांना म्हणाल्या, "साहेब, उन्हातून आलात. आपण आधी चहा घेऊ. गुरुजींना एक सामान आणायचं राहिलंय."

मी अक्षरशः धावले. वाळूत चपला रुतायला लागल्या तशा हातात घेतल्या. बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत घातलेले होते आणि जनी आईच्या हाताखाली भराभर काम करत होती. दोन बोंबील घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. बाळ सावलीत टोपलीत झोपलेलं.

"जनी, चल. सुट्टी रद्द झाली," मी धापा टाकत म्हटलं. खरं सांगायचं तेव्हाही जिवावर आलं.

तिची आई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "सकाली सुट्टी, आता शाला. तुमच्या सरकारचा काय धड नाय बाय." पण सोडलं तिनं. बाळासकट सोडलं.

पाठाची सुरुवात तर बरी झाली. चिंचोक्यांच्या जोड्या लावल्या, आठ सम, सात विषम. पोरं माना डोलवत होती, पण डोलवण्यात जीव नव्हता. तोच जनी उठून उभी राहिली. "बाई, हे तं बोंबलाचा हाय! जोडी जमली तं दोरीवर, नाय जमली तं कालवनात!" वर्गातली निम्मी पोरं मांडवावर काम केलेली. त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "आपुन बोंबील होऊ!" कुणीतरी ओरडलं, आणि मी थांबवायच्या आत अख्खा वर्ग उठून एकमेकांचे हात धरून जोड्या लावू लागला. पंधरा जोड्या लागल्या. जनी एकटी उरली.

"तू विषम! तू कालवनात!" पोरं नाचायला लागली.

जनीनं बाळाला उचलून धरलं. "माझी जोडी ही हाय."

"बाल पटावर नाय! ती मोजायची नाय!"

"का नाय? हितं हाय ना ती?"

झालं. वर्गात दोन तट पडले. बाळ मोजायचं की नाही? मोजलं तर बत्तीस, सम. नाही तर एकतीस, विषम. बाळानं गळा काढला. परीक्षक मागून उठून पुढं आले आणि माझी परवानगी न घेताच म्हणाले, "हे बघा, पटावर नसलं तरी जे समोर आहे ते मोजायला पाहिजे." एक पोरगा त्यांना म्हणाला, "मंग तुमाला पन मोजू? परत विषम!" त्या गदारोळात घंटा झाली. माझं मूल्यमापन राहिलं, गृहपाठ राहिला, सुंदर तक्ता गुंडाळलेलाच राहिला. बाई आपल्या खुर्चीवर पोरांकडे बघत बसल्या होत्या आणि त्यांचे खांदे गदगदत होते. रागानं की हसण्यानं, ते मागून कळायला मार्ग नव्हता.

व्हरांड्यात परीक्षकांनी वही उघडली. "पाठाच्या पायऱ्या पूर्ण झाल्या नाहीत," ते म्हणाले. "मी काठावरचे गुण देतो. बाईंनीही तेवढे दिले तर पास." आणि ते दुसऱ्या वर्गाकडे गेले.

मी बाईंकडे बघितलं. त्यांनी वही बंद करून काखेत मारली.

"माझे गुण जनीकडे आहेत," त्या म्हणाल्या. "तिला सुट्टी का दिली होतीत ते तिला सांगून या. खरं कारण."

"बाई, दुसरं काहीही सांगा."

"दुसरं काही नाही, गुरुजी."

जनी अंगणातल्या नळावर बाळाचं तोंड धूत होती. मी तिच्यासमोर उकिडवी बसले. बाई सायकलला टेकून दहा पावलांवर उभ्या. घरच्या आरशातला तो फोटो माझ्या डोळ्यांपुढं होता, पण त्याहून मोठी भीती त्या पोरीच्या तोंडाकडे बघायची होती.

"जनी, तू शहाणी म्हणून नव्हती सुट्टी दिली. तू वर्गात असलीस तर माझा पाठ बिघडेल असं मला वाटलं. आज माझी परीक्षा होती. मी खोटं बोलले."

तिनं बाळाचं नाक पदरानं, म्हणजे माझ्याच पदरानं, पुसलं. थोडा विचार केला.

"मंग बिगडला का?"

"बिघडला," मी म्हटलं. "पण मजा आली."

"हां. मजा आली." मग ती खाली बघून म्हणाली, "परवाची सुट्टी पन दिली होती तुमी. म्हंजे उद्या. मी येऊ का उद्या?"

तिचा तो सगळ्या गावाला ऐकू जाणारा आवाज कुठं गेला होता कोण जाणे. उद्या मराठीचा पाठ होता, हेच परीक्षक होते, आणि माझं सगळं नशीब काठावर लटकलेलं होतं.

"ये," मी म्हटलं. "बाळालाही आण."

मागं कागदाची सळसळ झाली. सायकलच्या सीटवर वही ठेवून बाई सही करत होत्या. गुण काठावरचेच, एकही जास्त नाही. शेरा होता, 'पाठ अपुरा. वर्ग पुरा.'

त्या दिवशी मी शाळेच्या शेजारच्याच एका घरी मुक्काम केला. मराठीच्या पाठाचं टाचण चार वेळा फाडून पाचव्यांदा लिहिलं आणि सकाळी उठले ती तशीच शाळेकडे पळाले. दारं अजून उघडायची होती. पायरीवर जनी बसली होती, मांडीवर बाळ. केसांचं घरटं नाहीसं झालेलं. भरपूर तेल चोपडून, मधोमध भांग पाडून, लाल रिबिनीच्या दोन वेण्या घातलेल्या, आणि बाळाच्या चार केसांनाही तशीच एक रिबीन.

"तुमची परीक्षा हाय ना," ती म्हणाली.

तेवढ्यात "बाजूऽऽ!" करत बाई आल्या. त्यांनी सायकल भिंतीला लावली, निऱ्यांचे चिमटे काढले. जनीकडे बघितलं, बाळाकडे बघितलं, मग बराच वेळ माझ्याकडे बघितलं आणि पिशवीतून स्वतःचा कंगवा काढून माझ्या हातात दिला.

"गुरुजी," त्या म्हणाल्या, "आता तुम्हीही विंचरा."